कोराबेथच्या कानातली गिटार

"डॅडी, गाण्याच्या अगदी मधोमध तुम्ही वाजवायचं थांबवलंत ना, तर जगात एकाच्या तरी लक्षात येईल का?"

प्रश्न टॅन्झीचा नव्हता. तो ब्रिएल आणि जेसमिन या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींचा होता. झालं असं, की शुक्रवारी शाळेतून येताना ब्रिएलच्या गाडीत एक गाणं लागलं आणि टॅन्झी किंचाळली, "ए, गप्प बसा, यात माझे डॅडी वाजवतायत!" मग तिघींनी कान टवकारले. ड्रम ऐकू आले, व्हायोलिनसारखं फिडल ऐकू आलं, गाणाऱ्याचा घोगरा आवाज तर काय, चारही खिडक्यांतून बाहेर सांडत होता. डॅडींची, म्हणजे व्हर्लिन स्टबलफील्ड यांची गिटार मात्र सापडायला तयार नाही. जेसमिनने तर स्पीकरला गाल चिकटवला. शेवटी म्हणाली, "नक्की यातच आहेत ना गं? का गाडी लावायला गेले होते तेव्हा?" ब्रिएलला हसताना ठसका लागला. "विचार ना त्यांना! थांबले तर कुणाला कळेल का म्हणून. हिंमत आहे?"

आता टॅन्झीपुढे गेल्या सहा महिन्यांत 'हिंमत आहे का' असं कुणी म्हणायचंच नाही. ऑक्टोबरमध्ये शाळेच्या फुटबॉल सामन्याला राष्ट्रगीत म्हणणारी मुलगी ऐन वेळी तापाने आडवी झाली, आणि टॅन्झीला कुणीतरी मागून ढकललं. दीड हजार माणसांसमोर ती गायली आणि खाली उतरली ती वेगळीच मुलगी होऊन. तोवर वर्गात हात वर करतानाही तिला घाम फुटायचा. आता हात खाली कसा घ्यायचा हेच ती विसरली होती.

म्हणून शनिवारी सकाळी, डॅडी गरम बिस्किटांवर, म्हणजे इथल्या मऊ पावांवर, सॉसेजची ग्रेव्ही ओतत असताना, तिने प्रश्न टाकला.

डॅडींनी ग्रेव्ही ओतणं पूर्ण केलं. त्यांना कसलीच घाई नसते.

"नाही," ते म्हणाले. "येणार नाही लक्षात. आणि येऊही नये. वाजवताना लोकांचं माझ्याकडे लक्ष गेलं, तर समजायचं माझं काहीतरी बिनसलंय."

"वाजवायचं कशाला, हे ताटावरून उठून गेले तरी मला वीस मिनिटांनी पत्ता लागतो," ममा म्हणाली.

दोघं हसले. टॅन्झीही हसली, पण आत कुठेतरी खटकलं तिला. पंचवीस वर्षं! नॅशव्हिलमध्ये निघालेल्या दोनशेच्या वर अल्बमांवर या माणसाने गिटार वाजवली, आणि स्वतःच्या तोंडाने सांगतोय की कुणाच्या लक्षात येणार नाही! तेही बिस्किट खाता खाता!

खरं तर प्रश्न फक्त मैत्रिणींचा राहिलाच नव्हता. मे महिन्यात शाळेचा मोठा कार्यक्रम होता आणि संगीताच्या मिसेस लेडबेटरनी तिच्यापुढे दोन जागा ठेवल्या होत्या. पुढे उभी राहून गाणारी, पोस्टरवर जिचं नाव असेल ती. किंवा मागे, स्टुलावर बसून गिटार वाजवणारी. टॅन्झी जी जागा घेणार नाही, ती ब्रिएलची. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. सगळी शाळा धरूनच चालली होती की टॅन्झी गाणार. टॅन्झीसुद्धा. मग सोमवारचा विषय निघाला की ती तो का बदलायची, ते तिला कळत नव्हतं. सहाव्या वर्षापासून ती डॅडींच्या समोर बसून गिटार शिकली होती. पण डॅडींचं ते निवांत 'नाही' ऐकून तिने मनात ठरवून टाकलं, छे, मला तर बाई कुणीतरी लक्षात घ्यायलाच हवं.

तेवढ्यात फोन वाजला. डेन्झिल प्रॉफिट. हे माणसाएवढ्या उंचीचा, खर्जातला उभा बास वाजवतात आणि ध्वनिमुद्रणाला वादकांचे म्होरकेही तेच असतात. फोनवर बोलताना त्यांचा आवाज स्वयंपाकघरभर होतो.

"व्हर्लिन! ओडेलनं बोटीच्या ट्रेलरमध्ये अंगठा घातला. तुटला नाही, पण भोपळ्याएवढा झालाय. दहा वाजता कोराबेथचं गाणं आहे आणि उंच तारांची गिटार वाजवायला माणूस नाही!"

"दुसरं कुणी?"

"शनिवार आहे बाबा, मासेसुद्धा कंटाळलेत इतके गिटारवाले तळ्यावर बसलेत."

डॅडींनी टॅन्झीकडे पाहिलं. मग ममाकडे. ममाने फिडलची पेटी आधीच दाराशी आणून ठेवली होती, कारण त्या ध्वनिमुद्रणात तीही होती. ती म्हणाली, "हात स्वच्छ आहे पोरीचा. तोंडाचं मी बघते."

*

बेरी हिल भागात जुनी बैठी घरं आहेत आणि त्यातल्या निम्म्या घरांत कुणी राहत नाही, नुसतं वाजवतात. ध्वनिमुद्रणाचं हे घरही तसलंच. बैठकीच्या खोलीत वादक कानांना हेडफोन लावून गोल करून बसतात, न्हाणीघरात तारांची भेंडोळी, आणि जिथे पूर्वी लोणच्याच्या बरण्या असायच्या त्या कोठीच्या खोलीला काचेचं दार लावून तिथे गाणारी माणसं उभी राहतात.

कोराबेथ टॅकेट तिथेच उभी होती. एकसष्ट वर्षांची, हातात मध घातलेल्या कोमट पाण्याचा पेला. अकरा वर्षांनी अल्बम करत होती. मधल्या काळात नवरा गेला, आवाज बसला, गाणं बंद पडलं होतं.

"ही व्हर्लिनची का?" तिने काचेतून विचारलं. "अगं, तुला मी टोपलीत झोपलेली पाहिलंय."

"येस मॅम, मिस कोराबेथ. आता टोपलीत मावत नाही," टॅन्झी म्हणाली.

"जीभ तर आईचीच आहे," डेन्झिल पुटपुटले.

टॅन्झीच्या मांडीवर ओडेलची गिटार आली. दिसायला नेहमीसारखी, पण जाड तारा काढून त्यांच्या जागी बारीक, वरच्या सुरांच्या तारा चढवलेल्या. एकटी वाजवली तर खेळण्यातली वाटते. नेहमीच्या गिटारबरोबर वाजवली की मात्र त्या गिटारला जणू कडेने जर लावल्यासारखी चमक येते. या अल्बममध्ये ड्रम नव्हतेच. म्हणजे ठेका धरायचा तो डॅडींच्या आणि तिच्या उजव्या हातानेच.

डेन्झिलनी कागद वाटले. नॅशव्हिलमध्ये गाणं अक्षरांत नाही, आकड्यांत लिहितात. एक म्हणजे घर, जिथून गाणं निघतं आणि जिथे परत येतं. चारवर जायचं, पाचवर जायचं, परत एकवर यायचं. पट्टी कुठलीही असो, आकडे तेच. त्यामुळे कोराबेथ जेव्हा म्हणाली, "घसा आज उठत नाही, अर्धा सूर खाली घ्या रे," तेव्हा कुणी कागदाला हातही लावला नाही. टॅन्झीने फक्त गिटारच्या मानेवरचा, पट्टी बदलायचा चिमटा एक घर मागे सरकवला. डॅडींनी ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, आणि त्यांच्या मिशीचं एक टोक हललं. टॅन्झीची छाती फुगली.

पहिलं गाणं दोन वेळांत उरकलं. कुणाचं काही चुकलं नाही. टॅन्झीला वाटलं, एवढंच? खाली-वर, खाली-वर, गवत कापल्यासारखं. हे तर झोपेतही जमेल!

दुसरं गाणं कोराबेथचं स्वतःचं होतं. आई गेल्यावर आईच्या घराचा लिलाव होतो, अंगणात टेबलं मांडून आईच्या वस्तू विकायला ठेवतात, आणि मुलगी आईचंच लाटणं बोली लावून विकत घेते, असं ते गाणं. फार हळू. ओळींच्या मध्ये भरपूर मोकळी जागा.

त्या मोकळ्या जागा आधीच वाटून घ्यायच्या, ही इथली रीत. सगळे एकदम घुसले तर बाजार होतो. डेन्झिलनी ममाकडे बघत बोटावर मोजलं, "पहिल्या कडव्यातल्या जागा रूथॅनच्या फिडलला. दुसऱ्या कडव्यात कुणी काही भरायचं नाही, मोकळंच राहू दे. शेवटी परत रूथॅन. गिटारवाले, तुम्ही फक्त चालत राहा."

"चालत राहतो," डॅडी म्हणाले.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं झालं. ममाचं फिडल असं हलकं आलं, की कुणीतरी दुसऱ्या खोलीत नाक पुसतंय असं वाटावं. दुसरं कडवं आलं. कोराबेथ लाटण्याच्या ओळीपाशी पोचली, थांबली, श्वास घेतला. आणि समोर ही भली मोठी मोकळी जागा! एखाद्या स्वच्छ अंगणासारखी! टॅन्झीला राहवलं नाही. तिची बोटं वरच्या तारांवर धावली आणि एक सुंदर, चमकदार, वळणदार सुरावट घेऊन परत आली.

खरंच सुंदर होती. दुसऱ्या काचेपलीकडे ध्वनिमुद्रणाच्या यंत्रावर बसलेल्या पर्लनेही मान वर केली.

आणि कोराबेथची पुढची ओळ आलीच नाही. अर्धा शब्द आला, तोही घसरलेला. मग ती थांबली, आणि एकेक करून सगळे थांबले.

आता इथली आणखी एक रीत सांगायला हवी. कुणी चुकलं तर इथे कुणी कुणाला बोलत नाही. ज्याचं चुकलं त्याने आपणहून हात वर करायचा आणि कुठे चुकलं ते सांगायचं. 'माझं, दुसऱ्या कडव्यात, चारवर.' बस. विषय संपला, परत वाजवा. चाळीस वर्षं वाजवलेले लोकही हात वर करतात आणि कुणाची मान खाली जात नाही.

सगळे कागदाकडे बघत बसले. ममाने फिडलच्या गजाला राळ घासायला घेतली, गरज नसताना. डॅडी तारा जुळवू लागले, त्या जुळलेल्याच होत्या. टॅन्झी वाट बघत होती. कुणाचं चुकलं असेल? तिला खरंच वाटत होतं की दुसऱ्या कुणाचं तरी.

काचेमागे एक हात वर झाला. कोराबेथचा.

"माझं," ती म्हणाली. "पाय घसरला कुठेतरी. शब्द होता तोंडात आणि... मी काय म्हणते डेन्झिल, हे गाणं सोडूया का? मला वाटलंच होतं. काही गाणी वेळेवर गायची असतात. माझी वेळ गेली."

"एकदा परत घेऊ की, मिस कोराबेथ."

"नको रे. तिसरं घे. याचं काही खरं नाही."

टॅन्झीने ते शब्द मनात पुन्हा म्हटले. पाय घसरला. कुठे? श्वासाच्या जागी. म्हणजे जिथे माझी बोटं पळाली तिथे. म्हणजे मी ठेका सोडून नटत होते, आणि ही बाई अधांतरी! आणि आता आपलं गाणं ती माझ्यापायी टाकून द्यायला निघालीय, वर स्वतःलाच दोष देऊन!

गप्प बसलं तर निभावलं असतं. सुरावट सुंदर होती, कुणी नावं ठेवली नव्हती, आणि साठी उलटलेल्या बाईने चूक कबूलही केली होती. गाणं एक कमी झालं असतं, एवढंच.

सहा महिने वर्गात सारखा वर असणारा तो हात आता शिशाचा झाला होता. दीड हजार माणसांपुढे गाणं सोपं होतं. या पाच माणसांपुढे एक हात उचलणं, अरे देवा!

तिने उचलला.

"माझं," ती म्हणाली. आवाज उंदराएवढा निघाला, म्हणून परत म्हणाली, "माझं चुकलं. दुसऱ्या कडव्यात. मी जागा भरली. भरायची नव्हती. मिस कोराबेथचं काही चुकलं नाही, येस मॅम, म्हणजे नो मॅम, म्हणजे तुमचं नाही चुकलं!"

मग डेन्झिल बास खांद्यावर सावरत म्हणाले, "हं. आम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"दुसऱ्याचा हात आपण वर करून कसं चालेल?"

डॅडींनी तारा जुळवायचं थांबवलं.

कोराबेथने काचेचं दार उघडलं आणि बाहेर आली. टॅन्झीला वाटलं, आता आपली काही धडगत नाही. पण कोराबेथने पेल्यातलं एक घोट पाणी प्यायलं आणि तिच्याकडे नीट बघून घेतलं.

"सुरावट गोड होती हं," ती म्हणाली. "पुढेमागे कुठल्यातरी गाण्यात घाल. पण एक सांगू का बाळा? मी तिथे तुमच्या जोरावर उभी असते. हेडफोनमधून माझ्या कानात ना फिडल येतं, ना बास. मी फक्त गिटार मागते. त्या दोन गिटारी म्हणजे माझ्या पायाखालची फरशी. आणि तू, ऐन माझं पाऊल पडायच्या वेळी, फरशी उचलून खिडकीत बघायला गेलीस!"

"सॉरी, मिस कोराबेथ."

"सॉरी कशाला? मला तर बरंच वाटलं! मला वाटलं होतं मी म्हातारी झाले." ती हसत कोठीत परत गेली. जाताना ओरडली, "पर्ल! व्हर्लिनला जरा खाली घे गं माझ्या कानात. त्याला पंचवीस वर्षं ऐकतेय, पाठ झालाय. पोरीला वर घे."

"आवडलं बुवा," डॅडी म्हणाले. "पाठ झालो."

"ऐका," ममा म्हणाली, "मी हे लग्नानंतर तिसऱ्या वर्षीच सांगितलं होतं."

पुन्हा सुरू झालं. टॅन्झी या वेळी फक्त चालत राहिली. खाली-वर, खाली-वर. पण आता ते गवत कापणं राहिलं नव्हतं, कारण आता ती कोराबेथला ऐकत होती. ओळीच्या शेवटी कोराबेथ किंचित रेंगाळते, तेव्हा हातही केसभर थांबायचा. ती दुखऱ्या शब्दापाशी आली की नखी अगदी हलकी धरायची. लाटण्याची ओळ आली, श्वास आला, मोकळी जागा आली. अंगण तसंच समोर होतं, स्वच्छ. टॅन्झीने तिथे काही ठेवलं नाही. नुसता ठेका धरून ठेवला, आणि हेडफोनमध्ये तिला ऐकू आलं की कोराबेथचा पुढचा शब्द त्या ठेक्यावर पाऊल टाकून उतरतोय. नेमका. पूर्ण वजनाने. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर माणूस उतरतं ना, खाली न बघता, तसा.

टॅन्झीच्या पाठीतून सरसरून शहारा गेला. ऑक्टोबरमध्ये दीड हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या, तेव्हाही असं झालं नव्हतं.

गाणं संपलं. कुणी हात वर केला नाही. पर्ल काचेमागून डोळे टिपत म्हणाली, "झालं. याला आता कुणी हात लावू नका."

मग सगळे यंत्राच्या खोलीत दाटीवाटीने उभे राहून ऐकायला लागले. टॅन्झीने आपली गिटार शोधली. पहिल्या कडव्यात नाही. दुसऱ्या कडव्यात, जिथे ती जिवाच्या आकांताने हात धरून होती, तिथेही नाही. कोराबेथ ऐकू येत होती, इतकी जवळ की कानात बोलतेय. पण टॅन्झी कुठेच नव्हती. तिने डॅडींची बाही ओढली.

"मी सापडत नाहीये!"

"वा," डॅडी म्हणाले आणि तिच्या डोक्यावर टपली मारली. "शाब्बास."

तिला एवढं हसू फुटलं की डेन्झिलनी तिला बाहेर जाऊन हसायला सांगितलं.

*

एक वाजता तिसरं गाणंही संपलं आणि तिघं कोपऱ्यावरच्या खाणावळीत गेले. तिथे ताटात एक मांसाचा प्रकार आणि तीन भाज्या घ्यायच्या असतात, आणि मॅकरोनी-चीजला भाजी म्हणतात. टॅन्झीने तळलेलं चिकन घेतलं आणि भाज्या म्हणून मॅकरोनी, मॅकरोनी आणि भेंडी.

"ती एक हिरवी कशाला उगाच?" ममा म्हणाली.

टॅन्झी हसली नाही. तिच्या डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर तारांचे खोल वळ उठले होते, आणि ती ते अंगठ्याने चाचपत होती. डॅडींनी मक्याची पोळी मोडली, अर्धी तिच्या ताटात ठेवली. ते काही विचारत नव्हते. गेले दोन आठवडे दोघांनीही शाळेच्या कार्यक्रमाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. गा म्हणाले नव्हते, वाजव म्हणाले नव्हते. दुसऱ्याचा हात आपण वर करायचा नाही, तसंच हेही म्हणा.

"डॅडी, ममा, मला काहीतरी सांगायचंय," टॅन्झी म्हणाली. "मध्ये बोलू नका, नाहीतर माझं चुकेल."

"बोलत नाही," डॅडी म्हणाले.

"ममा?"

"मी कधी बोलते मध्ये?"

"मी सोमवारी मिसेस लेडबेटरना सांगणार आहे की मी गाणार नाही. म्हणजे मला गाता येतं. चांगलंच येतं, खोटं कशाला बोलू? आणि पुढच्या वर्षी मनात आलं तर गाईनही. घाबरून सोडत नाहीये मी. पण गाताना मी पूर्ण वेळ माझंच ऐकत असते, आणि आज पहिल्यांदा मी दुसऱ्या कुणाचं तरी ऐकलं, अख्खं गाणंभर, आणि मला ते जास्त आवडलं. ब्रिएलचा आवाज छान आहे. चारवर गेली की डगमगते, कारण पायाखाली कुणी नसतं तिच्या. तर ब्रिएल पुढे उभी राहील, पोस्टरवर तिचं नाव येईल, आणि मी मागे बसून तिच्यासाठी वाजवणार. माझं ठरलंय. कुणी ठरवून दिलेलं नाही, माझं मी ठरवलंय. आणि आता तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून ते तसं हसू नका, मला सगळं दिसतंय!"